पूर्वज कोण, आले कुठून: डीएनए काय सांगतो

प्रत्येकाला दोन आईवडील, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. हा हिशेब मागे नेत गेलं की दहाव्या पिढीत १०२४ पूर्वज होतात, विसाव्या पिढीत दहा लाखांच्या वर आणि तिसाव्या पिढीत तब्बल १०७ कोटी. एक पिढी साधारण २८ वर्षांची धरली, तर तीस पिढ्या म्हणजे साडेआठशे वर्षं. त्या काळी अख्ख्या जगाची लोकसंख्याच चाळीस कोटींच्या आसपास होती. म्हणजे या १०७ कोटी जागा तितक्या वेगवेगळ्या माणसांनी भरलेल्या असणं शक्यच नाही. एकच माणूस एकाच वंशावळीत अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येतो, आणि माझ्या वंशावळीतली माणसं तुमच्या वंशावळीतही येतात. २००४ साली डग्लस रोड, स्टीव्ह ओल्सन आणि जोसेफ चँग यांनी संगणकावर हा हिशेब मांडून पाहिला. आज जिवंत असलेल्या सगळ्या माणसांचा एक तरी सामाईक पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी होऊन गेला असावा, असं त्यातून निघालं.

पण वंशावळीतल्या प्रत्येकाकडून आपल्याला डीएनए मिळालेला असतो का? नाही. गुणसूत्रांच्या २३ जोड्यांपैकी प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून येतं, एक वडिलांकडून. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना जोडीतली दोन्ही गुणसूत्रं पत्त्यांसारखी पिसली जातात. ही पिसणी मात्र फार ढोबळ असते. एका वेळी सरासरी तीस-पस्तीस ठिकाणीच काप पडतात आणि मोठमोठे तुकडे जसेच्या तसे पुढे जातात. पूर्वजांची संख्या दर पिढीला दुप्पट होते, तुकड्यांची संख्या मात्र सावकाश वाढते. दहाव्या पिढीपर्यंत मागे गेलं, की १०२४ पूर्वजांपैकी जवळपास निम्म्यांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. विसाव्या पिढीत दहा लाख जागा असतात आणि तुकडे असतात हजार-तेराशे.

हे कळलं की ‘मी अमक्या राजाचा वंशज आहे का’ हा प्रश्न डीएनएला विचारण्यात फारसा अर्थ नाही, हे आपोआप लक्षात येतं. हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या माणसाचे वंशज असूनही आपल्यात त्याचा डीएनए शून्य असू शकतो. म्हणून लोकसंख्या-जनुकशास्त्र एका माणसाच्या वंशावळीमागे लागतच नाही. ते समूहांची तुलना करतं. कोणत्या समूहात कोणता जनुकीय फरक किती जणांत आहे, कोणते समूह एकमेकांपासून केव्हा दुरावले आणि केव्हा पुन्हा मिसळले, हे त्याचे प्रश्न आहेत.

उत्तरं मिळतात ती फरकांतून. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएत, सुमारे ३०० कोटी अक्षरं (ए, सी, जी, टी या चार रासायनिक घटकांची) आहेत, आणि कुठल्याही दोन माणसांत त्यातली हजारात साधारण एक वेगळी असते. प्रत्येक मूल आईवडिलांत नसलेले ६०-७० नवे बदल घेऊन जन्माला येतं. यातले बहुतेक बदल चांगलंही करत नाहीत आणि वाईटही. ते नुसते पुढे जात राहतात, म्हणूनच अभ्यासकांना उपयोगी पडतात. दोन समूहांत एकच दुर्मीळ बदल वारंवार दिसला, तर त्यांचे पूर्वज कुठेतरी एक होते असं म्हणता येतं. बदल साचण्याचा सरासरी वेग माहीत असल्यामुळे किती काळापूर्वी, याचाही अंदाज बांधता येतो. शिवाय लहान समूहात योगायोगाचा हात मोठा असतो. शंभर माणसांच्या टोळीतल्या दोघांकडे असलेला एखादा बदल काही पिढ्यांत पार नाहीसा होऊ शकतो किंवा निम्म्या टोळीत पसरू शकतो. त्यासाठी तो उपयोगी असण्याची गरज नसते. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात.

सुरुवातीला अभ्यास झाला तो दोन सोप्या धाग्यांचा. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणिकांचा, डीएनए फक्त आईकडून येतो, जेमतेम १६,५६९ अक्षरांचा असतो आणि पिसला जात नाही. वाय गुणसूत्र तसंच बापाकडून मुलाकडे जातं. रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी १९८७ साली जगभरातल्या १४७ जणांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. सगळ्यांच्या मातृवंशाचे धागे सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहिलेल्या एका स्त्रीपाशी जुळत होते. वर्तमानपत्रांनी तिला बायबलमधल्या पहिल्या स्त्रीवरून ‘ईव्ह’ म्हटलं आणि तिथून गैरसमज सुरू झाला तो अजून पुरता गेलेला नाही. ती त्या काळातली एकटी स्त्री नव्हती. तिच्यासोबत हजारो स्त्रिया होत्या आणि त्यांचाही डीएनए इतर गुणसूत्रांतून आपल्यात आलेला आहे. त्यांची निव्वळ आई-मुलगी-नात अशी सलग साखळी मात्र कुठेतरी तुटली, कारण एखाद्या पिढीत फक्त मुलगेच झाले किंवा मूलच झालं नाही. दहाव्या पिढीतल्या १०२४ पूर्वजांपैकी मायटोकॉन्ड्रिया एकीबद्दल बोलतो आणि वाय गुणसूत्र एकाबद्दल. उरलेल्या १०२२ जणांबद्दल दोघंही गप्प असतात. म्हणून आता सगळा भर संपूर्ण जीनोमवर आहे.

संपूर्ण जीनोम वाचल्यावर आफ्रिकेचं महत्त्व आणखी ठळक झालं. जगातली सर्वाधिक जनुकीय विविधता आफ्रिकेतल्या लोकांत आहे, आणि जमिनीच्या वाटेने आफ्रिकेपासून जसजसं दूर जावं तसतशी ती कमी होत जाते. पश्चिम आशियात थोडी कमी, पूर्व आशियात आणखी कमी, दक्षिण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत सगळ्यांत कमी. याचं कारण सरळ आहे. मोठ्या समूहातून थोडी माणसं पुढे निघाली की विविधतेचा एक हिस्साच सोबत नेतात. त्यांची संख्या वाढते, मग त्यांच्यातूनही थोडीच पुढे जातात. दर टप्प्याला गळती होत राहते. याला फाउंडर इफेक्ट म्हणतात.

आफ्रिकेत आपली मानवप्रजाती नेमकी कुठे घडली, याचं एक ठिकाण दाखवता येत नाही, आणि माझ्या मते ते शोधायचा हट्टही सोडावा. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूद इथले अवशेष सुमारे तीन लाख वर्षं जुने असल्याचं २०१७ साली जाहीर झालं, तेव्हा पूर्व आफ्रिकेवर खिळलेली नजर एकदम रुंदावली. खंडभर पसरलेले, कधी दुरावणारे, कधी मिसळणारे अनेक समूह मिळून आपण घडलो, हे चित्र आता जास्त पटतं. आफ्रिकेबाहेर माणसं एकदाच पडली असंही नाही. इस्रायलमधल्या मिसलिया गुहेतला जबडा पावणेदोन लाख वर्षांहूनही जुना आहे. पण आज आफ्रिकेबाहेर राहणाऱ्या सगळ्यांचा बहुतांश वारसा साधारण ५० ते ६० हजार वर्षांपूर्वी पसरलेल्या एकाच समूहाकडे जातो. आधी बाहेर पडलेल्यांचा जवळजवळ काहीच मागमूस आजच्या लोकांत उरलेला नाही.

बाहेर पडलेल्यांना जग रिकामं मिळालं नाही. युरोपात आणि पश्चिम आशियात निअँडरथल हा माणसांचा आता नामशेष झालेला गट होता. त्यांचा पहिला डीएनए १९९७ साली वाचला गेला, तोही १८५६ मध्ये जर्मनीच्या निअँडर खोऱ्यात मिळालेल्या मूळ हाडातून. २०१० साली लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत स्वांते पेबो यांच्या गटाने निअँडरथल जीनोमचा कच्चा आराखडा प्रसिद्ध केला, आणि या कामासाठी पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या लोकांचा डीएनए आफ्रिकेतल्या लोकांच्या तुलनेत निअँडरथलशी थोडा जास्त जुळतो, म्हणजे बाहेर पडलेल्यांचा निअँडरथलांशी संकर झाला होता, हे त्या आराखड्याने दाखवलं. आज हा हिस्सा साधारण दोन टक्के धरला जातो. युरेशियातून काही लोक आफ्रिकेत परतल्यामुळे तिथेही त्याचा किंचित अंश पोहोचला आहे.

हा संकर केव्हा झाला, हे ज्या रीतीने काढलं ती मला या शास्त्रातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. संकर झाल्यावर पहिल्या पिढीत निअँडरथलकडून आलेलं गुणसूत्र अखंड असतं. पुढे दर पिढीत काप पडत जातात आणि तुकडे आखूड होत जातात. म्हणजे तुकड्यांची लांबी मोजली की मधे किती पिढ्या गेल्या हे कळतं. सायबेरियातल्या उस्त-इशीम इथे इर्तिश नदीच्या काठी एका माणसाच्या मांडीचं हाड मिळालं, ४५ हजार वर्षं जुनं. त्याच्यातले निअँडरथल तुकडे आजच्या माणसांपेक्षा कितीतरी लांब होते. त्यांच्या लांबीवरून त्याच्या आधी सात ते तेरा हजार वर्षं संकर झाला असावा, असं निघालं. २०२४ मध्ये बऱ्याच जीनोमचा एकत्र अभ्यास होऊन हा काळ ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वीचा, असा आणखी नेमका झाला. रुमानियातल्या ओआसे गुहेतल्या माणसाचे तुकडे तर इतके लांब होते, की त्याच्या मागच्या चार ते सहा पिढ्यांतच एक निअँडरथल पूर्वज असला पाहिजे.

सायबेरियातल्याच अल्ताई पर्वतातल्या डेनिसोव्हा गुहेत बोटाच्या एका छोट्या हाडातून २०१० साली माणसांचा एक वेगळाच, तोवर ठाऊक नसलेला गट समोर आला. डेनिसोव्हन हे त्यांचं नाव. त्यांचा तीन ते पाच टक्के वारसा आजच्या पापुआ न्यू गिनीच्या लोकांत आहे. त्याच गुहेतला जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा हाडाचा एक तुकडा किशोरवयीन मुलीचा निघाला, सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची. निअँडरथल आणि डेनिसोव्हन जिथे जिथे वेगळे आहेत, तिथे तिच्या दोन प्रतींपैकी एक इकडची आणि एक तिकडची असं जागोजागी दिसत होतं. हे थेट पहिल्याच पिढीत घडू शकतं. तिचा मायटोकॉन्ड्रिया निअँडरथलचा, म्हणजे आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन. आणि बापाच्या जीनोममध्येही फार मागच्या एका निअँडरथल पूर्वजाच्या खुणा होत्या. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा वेगवेगळ्या मानवगटांत संकर क्वचितच होत असावा, हा समज टिकणं अवघड झालं.

या वारशाचे परिणाम आजही शरीरात आहेत. तिबेटी लोकांना विरळ हवेत जगायला मदत करणारं इपास-१ जनुकाचं रूप डेनिसोव्हनांकडून आलेलं आहे. कोव्हिड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे ५० हजार अक्षरांचा तुकडा निअँडरथलांचा आहे. तो दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे आहे, युरोपात सुमारे १६ टक्के लोकांकडे, तर पूर्व आशियात जवळजवळ कुणाकडेच नाही.

इतक्या जुन्या हाडातला डीएनए खराच जुना आहे, हे कसं ओळखायचं? हाडात जिवाणूंचा डीएनए भरपूर असतो आणि हाताळणाऱ्यांचाही मिसळलेला असतो. म्हणून प्रयोगशाळेत अंगभर संरक्षक पोशाख घालून काम चालतं. कानाच्या आतल्या भागाभोवतीचा कवटीचा अतिशय घट्ट भाग कोरून भुकटी काढतात, कारण डीएनए तिथे सगळ्यांत चांगला टिकतो. मेल्यानंतर डीएनएचे बारीक तुकडे होतात आणि तुकड्यांच्या टोकांशी ‘सी’ हे अक्षर झिजून ‘टी’ असं वाचलं जाऊ लागतं. ताज्या डीएनएत ही झीज नसते. त्यामुळे ज्या तुकड्यांच्या टोकांना ही खूण असते ते जुने, हे ओळखता येतं. जे खराब झालंय तेच अस्सलपणाचा पुरावा ठरतं.

जुन्या हाडांनी केलेली एक कमाल सांगायलाच हवी. उत्तर युरोपातले लोक अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी अनपेक्षितपणे जवळचे दिसतात, हे २०१२ साली निक पॅटरसन, डेव्हिड राइश आणि सहकाऱ्यांच्या आकडेमोडीत दिसलं. मधे अख्खा आशिया असताना हे कसं? त्यांनी तर्क केला, की उत्तर युरेशियात पूर्वी एक समूह असावा, जो आज शुद्ध रूपात कुठेच नाही, पण ज्याचा वारसा दोन्हीकडे गेला. नुसत्या आकड्यांतून मांडलेला हा समूह होता. पुढच्याच वर्षी सायबेरियातल्या बैकाल सरोवराजवळच्या माल्टा इथल्या एका लहान मुलाचा जीनोम वाचला गेला. २४ हजार वर्षांपूर्वीच्या या मुलाचा सांगाडा १९२० च्या दशकात उकरून काढलेला होता आणि सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात होता. तर्कातल्या समूहाचा वारसा त्याच्यात नेमका सापडला. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा साधारण एक तृतीयांश वारसा या मुलाच्या समूहाकडून आलेला आहे.

आजचा कुठलाही मोठा समूह असाच जोडून जोडून तयार झालेला आहे. युरोपातले शिकारी-संग्राहक, साडेआठ हजार वर्षांपूर्वी अनातोलियातून (आजच्या तुर्कस्तानातून) आलेले शेतकरी आणि पाच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून आलेले यामनाया पशुपालक, या तिघांच्या मिश्रणातून आजचे युरोपीय घडले. ब्रिटनमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वी काही शतकांत सुमारे ९० टक्के वारसा बदलला. स्टोनहेंजचे मोठे दगड उभारणाऱ्यांचा आजच्या ब्रिटिशांतला वाटा म्हणूनच थोडा आहे. हा बदल कत्तलीने झाला, रोगाने, की जास्त मुलं जगल्याने, ते टक्केवारी सांगत नाही. त्या काळच्या दातांत प्लेगच्या जिवाणूचा डीएनए मात्र मिळालेला आहे.

दक्षिण आशियातही तसंच. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज व लालजी सिंग आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांनी २००९ साली दाखवलं, की भारतातले बहुतेक समूह दोन प्राचीन घटकांच्या कमी-जास्त मिश्रणातून बनलेले आहेत. हे मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी जोरात चालू होतं आणि नंतर समूहांतर्गत विवाहांमुळे जवळजवळ थांबलं, असं २०१३ च्या अभ्यासात दिसलं. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरच्या साठांहून अधिक नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा डीएनए वाचता आला. २०१९ साली आलेल्या त्या निष्कर्षात गवताळ प्रदेशाचा वारसा नव्हता. तो वारसा दक्षिण आशियात इ.स.पू. २००० नंतर आल्याचं त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्या स्त्रीचा इराणच्या बाजूशी नातं असलेला वारसाही शेती सुरू होण्याआधीच इराणी शेतकऱ्यांपासून वेगळा झालेला होता. आर्य बाहेरून आले की इथलेच, यावर भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक निम्माच निष्कर्ष उचलतात, याचं वाईट वाटतं. समूहांतर्गत विवाहांचा परिणाम वैद्यकातही दिसतो. अश्केनाझी ज्यू, फिनलंडचे लोक किंवा आंध्रातला वैश्य समाज अशा गटांत, पूर्वी मोजक्याच माणसांकडे असलेले काही दोष आज बरेच आढळतात. वैश्यांमध्ये भूल देण्याच्या काही औषधांचा अंमल धोकादायक लांबतो, तो अशाच एका बदलामुळे, आणि हे डॉक्टरांना आधी माहीत असलं तर जीव वाचतो.

वारसा आणि भाषा यांची सांगड घालताना फार जपावं लागतं. पॅसिफिकमधल्या व्हानुआतू बेटांवर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पहिली माणसं आली ती पूर्व आशियाई वारशाची, ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारी. नंतर पापुआकडून लोक येत गेले आणि आज तिथला बहुतांश वारसा पापुआचा आहे. भाषा मात्र अजून ऑस्ट्रोनेशियनच आहेत. वंशाच्या कल्पनेचंही तेच. माणसांमधल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के एकाच समूहाच्या आतले असतात, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली मोजलं आणि नंतरच्या मोजण्यांतही तो आकडा फारसा हलला नाही. समूहांत सरासरी फरक असतात आणि डीएनएवरून एखाद्याचे पूर्वज साधारण कुठले हे ओळखता येतं. पण जिथे रेघ मारावी अशी तुटक सीमा सापडत नाही.

लाळेचा नमुना पाठवून ‘तुम्ही इतके टक्के अमुक’ असं सांगणाऱ्या चाचण्यांबद्दल हेच लक्षात ठेवावं. त्या आपला डीएनए आज त्या त्या प्रदेशात राहणाऱ्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहतात, हजार वर्षांपूर्वीच्या रहिवाशांशी नाही. नमुन्यांचा संच बदलला की टक्केही बदलतात. सख्ख्या भाऊ-बहिणीचे आकडेही वेगळे येतात, कारण दोघांना वेगवेगळे तुकडे मिळालेले असतात.

आणि नमुने कुणाचे, कुणाच्या संमतीने घेतलेले, हा प्रश्न माझ्या दृष्टीने शास्त्राइतकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या हावासुपाई लोकांनी मधुमेहाच्या संशोधनासाठी दिलेलं रक्त त्यांना न सांगता स्थलांतराच्या अभ्यासासह इतर कामांसाठी वापरलं गेलं. २०१० साली ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने भरपाई दिली आणि नमुने परत केले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली. हे आधीच व्हायला हवं होतं.

उष्ण प्रदेशांतली हाडं लवकर झिजतात, म्हणून आफ्रिका आणि दक्षिण आशियाबद्दलचं ज्ञान युरोपच्या मानाने तोकडं राहिलं आहे. तरी वाट निघते आहे. लिबियातल्या ताकारकोरी इथे सहारा हिरवा असतानाच्या, सात हजार वर्षांपूर्वीच्या दोन स्त्रियांचे जीनोम २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि उत्तर आफ्रिकेचा एक पूर्वी न पाहिलेला प्राचीन वंश दिसला. २०१७ पासून तर गुहेतल्या मातीतूनही मानवी डीएनए काढता येतो. तिबेटच्या पठारावरच्या बाइशिया गुहेच्या मातीत डेनिसोव्हनांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए २०२० साली असाच मिळाला. एखाद्या ठिकाणी कोण राहून गेलं हे कळायला हाड सापडलंच पाहिजे, ही अट आता उरलेली नाही.